पत्र गावात वाचता यावं

बायबलमधलं प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलेलं पत्र आपण उघडतो ते कृपा, विश्वास, नीतिमत्त्व समजून घ्यायला. आठव्या अध्यायापाशी मन भरून येतं, बाराव्यात रोजच्या वागणुकीचे धडे मिळतात, आणि पंधराव्यापर्यंत पोचताना वाचणारा बहुधा दमलेला असतो. त्या पंधराव्या अध्यायात एक साधी गोष्ट सांगितलेली आहे. पौल म्हणतो, मी स्पेनला निघणार आहे. जाताना तुमच्याकडे थांबेन, थोडा तुमचा सहवास मिळेल, आणि मग तुम्ही मला पुढच्या प्रवासाला पाठवाल अशी आशा आहे. म्हणजे सोय कराल, सोबत द्याल, खर्चाचा थोडा भार उचलाल. रोमच्या ज्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समाजाला, त्यानं पाहिलेलंही नव्हतं तिला तो हे लिहितो. आपण कोण, काय मानतो, कुणाकडे निघालो आहोत हे आधी चौदा अध्याय मांडतो आणि मग हात पुढे करतो.

हे ध्यानात आलं तेव्हा मला फार धीर आला. कारण आमचं कुटुंबही हेच करतं.

आम्ही नवरा-बायको आणि आमची मुलं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत असलेल्या काही खेड्यांत सुवार्तेची सेवा करतो. ठरलेला पगार नाही. घर, प्रवास, औषधांची पेटी, मुलांची शाळा, हे सगळं काही मंडळ्या आणि काही कुटुंबं दरमहा जे पाठवतात त्यावर चालतं. त्यासाठी मधूनमधून गावाबाहेर पडून मंडळ्यांना भेटावं लागतं, घरोघरी बसावं लागतं, पत्रं लिहावी लागतात. सेवेत नव्यानं येणारी तरुण जोडपी आम्हाला विचारतात की हे मागण्याचं काम एकदा उरकलं की खरी सेवा सुरू होते ना? मी त्यांना सांगते की खऱ्या सेवेची सुरुवात तिथेच झालेली असते. कारण आपण ज्या तऱ्हेनं मागतो, त्याच तऱ्हेनं पुढे त्या गावाकडे बघायला लागतो. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायला थोडं मागे जावं लागेल.

2 ऑक्टोबर 1792 रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावात एका विधवा बाईंच्या घरी काही बाप्टिस्ट पाळक जमले. बहुतेक सगळे लहान मंडळ्यांचे, तुटपुंज्या मिळकतीचे. त्यांनी मिशन संस्था स्थापन केली आणि तिथल्या तिथे 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स देण्याची वचनं चिठ्ठ्यांवर लिहून अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत टाकली. विल्यम केरी त्या खोलीत होते. तेच पुढे बंगालमध्ये आले आणि कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुराहून 1805 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1810 साली शब्दकोश. फुलर पुढे सांगत की आम्ही जणू एका खोल खाणीत उतरायचं ठरवत होतो. केरी म्हणाले, मी उतरतो, पण वरून दोर तुम्ही धरायचा. फुलर यांनी तो दोर 1815 साली मरेपर्यंत धरला. स्वतःची मंडळी सांभाळून ते इंग्लंडभर आणि स्कॉटलंडभर फिरले, दारोदार गेले, हिशेब लिहिले, पत्रांना उत्तरं दिली, संस्थेवर टीका करणाऱ्यांना तोंड दिलं. केरींचं नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. फुलर यांचं नाव आमच्या मंडळ्यांतही थोड्यांनाच ठाऊक आहे. एखाद्या मंडळीचा खजिनदार रात्री उशिरापर्यंत वही जुळवताना दिसला की मला नेहमी फुलर आठवतात.

पण त्या दोराला आणखी एक माणूस बांधलेलं होतं, आणि तिच्याविषयी मला जास्त बोलायचं आहे. केरींची पत्नी डॉरथी. तिनं आधी भारतात यायला नकार दिला होता. पदरात लहान मुलं, एक तर नुकतंच जन्मलेलं. केरी मोठ्या मुलाला घेऊन निघालेही होते. त्यांना त्या जहाजावरून उतरावं लागलं, त्यांनी परत येऊन पुन्हा विनवलं, आणि बहीण सोबत येत असेल तर येते या अटीवर ती निघाली. 1794 साली बंगालमधल्या मदनाबाटीला त्यांचा पाच वर्षांचा पीटर आजारानं गेला. त्यानंतर डॉरथीचं मन ढासळलं आणि ते परत सावरलं नाही. 1807 साली ती गेली. केरी शेजारच्या खोलीत बसून भाषांतर करत होते, तिचा आक्रोश ऐकू येत होता.

मिशनच्या इतिहासात ही हकिगत बहुधा केरींच्या सहनशीलतेचं उदाहरण म्हणून सांगतात. मी एका सेवकाची बायको आहे. मला ती तशी सांगता येत नाही. मला त्यात अशी एक बाई दिसते जिच्या मनाची तयारी कुणी केली नव्हती, जिच्या आजारपणासाठी काही तरतूद नव्हती, आणि जिच्याबद्दल घरी पाठवलेल्या पत्रांत मोकळेपणानं लिहिणंही अवघड होतं. म्हणून आमच्या मासिक खर्चाचा कागद आम्ही मंडळीपुढे ठेवतो तेव्हा त्यात मुलांची शाळा असते, आजारपणासाठी बाजूला ठेवायची रक्कम असते, वर्षातून एकदा गावाबाहेर जाऊन विश्रांती घेण्याचा खर्च असतो, आणि म्हातारपणासाठीही थोडं असतं. हे बघून कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, यात सेवा कुठली? हा तर तुमचा घरखर्च." मी शांतपणे सांगते की आम्ही सगळे मिळून तिथे राहतो. आमचं घर कोसळलं तर सेवा उभी राहणार नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. त्यानं विचारलं म्हणजे त्यानं कागद वाचला.

श्रीरामपूरलाच याची दुसरी बाजूही दिसते. 1800 साली जॉशुआ आणि हॅना मार्शमन यांनी तिथे निवासी शाळा सुरू केल्या. हॅनाबाईंनी मुलींची शाळा सांभाळली, घर सांभाळलं, आणि शाळांतून येणारा पैसा सगळ्या मिशनच्या एका सामाईक थैलीत जात असे. त्या थैलीवर कितीतरी जणांचा उदरनिर्वाह आणि छपाई चालत होती. सेवकाची बायको म्हणजे मागे उभी राहून हसणारी व्यक्ती, अशी कुणाची समजूत असेल तर त्यांनी हॅनाबाईंचं चरित्र एकदा वाचावं. खुद्द प्रभू येशूच्या सेवेचा खर्च कोण करत होतं हे लूकनं आठव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच नावानिशी लिहून ठेवलंय: मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया, आपल्या पैशाअडक्यानं.

आता मागण्याच्या तऱ्हेबद्दल.

मंडळीत उपासनेनंतर आम्हाला थोडा वेळ मिळतो. समोर बसलेल्यांना घरी जायची घाई असते, मुलं चुळबुळत असतात. अशा वेळी काय बोललं म्हणजे लोकांचे डोळे पाणावतात हे सेवेतल्या प्रत्येकाला लवकर कळतं. आजारी मूल. दारूत बुडालेला बाप. अंधारातलं गाव. चित्र जितकं गडद रंगवावं तितकं अर्पण वाढतं, हे खरं आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. कारण मदत चालू राहायची तर पुढच्या वर्षी चित्र तितकंच गडद राहावं लागतं. आणि मग गावात खरोखर काही बरं घडलं, पोरं शाळेत टिकली, एखादा बाप सावरला, तर ते लिहिताना हात आखडतो. ज्या माणसाला आपल्या पत्रासाठी गावाच्या दुःखाची गरज पडते, त्यानं त्या गावात राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

1812 साली अमेरिकेतून भारताकडे निघालेल्या पहिल्या मिशनरींमध्ये हॅरिएट न्यूएल नावाची एक अगदी तरुण बाई होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं त्यांना कलकत्त्यात राहू दिलं नाही. ती आणि तिचा नवरा सॅम्युएल मॉरिशसकडे निघाले. जहाजावरच तिचं बाळ जन्मलं आणि काही दिवसांत गेलं. नोव्हेंबरअखेरीस मॉरिशसमध्ये तीही गेली, एकोणिसाव्या वर्षी. ज्या कामासाठी घर सोडलं त्याची सुरुवातही तिला करता आली नाही. सॅम्युएल पुढे मुंबईला येऊन गॉर्डन हॉल यांच्यासोबत मराठी मुलखात काम करू लागले आणि 1821 साली तिथेच वारले. पण हॅरिएटची रोजनिशी आणि पत्रं अमेरिकेत छापली गेली आणि घराघरांत वाचली गेली. कितीतरी मुलींना तिचं नाव ठेवलं गेलं. तिच्या शब्दांनी मिशनला माणसं दिली आणि पैसाही.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. हॅरिएटचं दुःख तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ती रोजनिशी तिची होती. आमच्या पत्रात ज्या आयाबायांचं दुःख येतं, ते त्यांनी लिहिलेलं नसतं. आम्ही लिहितो, त्यांना न कळणाऱ्या भाषेत, त्यांना न भेटणाऱ्या लोकांसाठी. त्यांच्या घराचा फोटो एखाद्या अनोळखी भिंतीवर लागतो आणि त्यांना ते कधी कळतही नाही. एवढी मोठी मोकळीक कुणाला मिळाली की तिच्यावर काहीतरी बंधन हवंच.

आम्ही स्वतःला घालून घेतलेलं बंधन असं: मंडळ्यांना पाठवायचं प्रत्येक पत्र त्या गावात, त्या गावाच्या बोलीत, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासमोर वाचून दाखवता आलं पाहिजे. मान खाली न घालता. जे वाक्य वाचताना आवाज हळू करावासा वाटतो ते वाक्य जातं. मुलाच्या आजाराचं नाव लिहायचं तर आईला आधी विचारायचं. कुणाच्या नवऱ्याच्या व्यसनाबद्दल लिहायचंच नाही. त्याची बायको हो म्हणाली तरी नाही, कारण तो हो म्हणालेला नसतो.

ही रीत एका म्हाताऱ्या आजींमुळे पक्की झाली. मी ओट्यावर बसून पत्राचा कच्चा मजकूर लिहीत होते. आजी येऊन टेकल्या. कुणाला लिहितेस, म्हणाल्या. आम्हाला इथे राहायला जे मदत करतात त्यांना, मी सांगितलं. "मग आमचं काय लिहिलंस?" मी वाचायला लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "झरा आटतो ते लिही, पण आधी झरा किती गोड आहे ते लिही." आणि थोड्या वेळानं, "तुझा नवरा तापानं फणफणला होता, तेव्हा पोरांनी त्याला झोळीतून रस्त्यापर्यंत नेलं. रात्र होती. ते पण लिही. त्यांना कळू दे की तुम्ही इथे एकटे नाही."

ते आम्ही लिहिलं. त्या पत्राला जितकी उत्तरं आली तितकी आधीच्या कुठल्याच पत्राला आली नव्हती. एका बाईंनी लिहिलं की आजवर मी तुमच्यासाठी प्रार्थना करायचे, आता त्या पोरांसाठीही करते.

आजींच्या त्या बोलण्यानंतर लूकचा दहावा अध्याय मला निराळा दिसू लागला. प्रभू आपल्या शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठवतो तेव्हा सांगतो: थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. ज्या घरी तुमचा स्वीकार होईल तिथेच राहा, ते देतील ते खा आणि प्या, कारण कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे. आम्ही हे वचन नेहमी मंडळ्यांपुढे वाचतो, सेवकाला आधार द्या असं सांगण्यासाठी. पण मूळ वचनात आधार देणारं ते गावच आहे! पाठवलेला माणूस रिकाम्या हातानं गावात शिरतो आणि पहिला घास त्याला गावाकडून मिळतो. दूरच्या मंडळ्यांची मदत त्यानंतरची. आमच्या प्रार्थनापत्रकात पहिल्या ओळीत आता गावानं आम्हाला या काळात काय दिलं ते असतं: कुणी छप्पर शाकारून दिलं, कुणी मुलांना ओढा ओलांडून शाळेत पोचवलं, कुणी आमची बोली सुधारली.

यातून आणखी एक गोष्ट सुटसुटीत झाली. मदत करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो: "किती जण आले?" प्रश्न प्रेमानंच विचारलेला असतो. पण त्याच्या उत्तरात आकडा टाकण्याचा मोह फार वाईट. केरी नोव्हेंबर 1793 मध्ये बंगालला पोचले; त्यांच्या कामातला पहिला भारतीय बाप्तिस्मा, कृष्ण पाल या सुताराचा, 28 डिसेंबर 1800 रोजी झाला. सात वर्षं केरींच्या पत्रांत तो आकडा नव्हता आणि फुलर दोर धरून होते. आमच्याकडून औषध नेणाऱ्याला आम्ही कधी विचारत नाही की प्रार्थनेला येतोस का. औषध औषध असतं, तिथे अट नसते. पत्रातही आम्ही औषध नेणाऱ्यांचा आणि प्रार्थनेला येणाऱ्यांचा आकडा शेजारी शेजारी लिहीत नाही, कारण शेजारी लिहिले की वाचणारा आपसूक त्यांची सांगड घालतो, आणि हळूहळू देणाऱ्याच्या मनात भाव ठरतो. माणसाच्या विश्वासाला भाव लागू नये.

मागावं की मागू नये, हाही जुना प्रश्न आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि कुणापुढे पैशासाठी शब्द टाकायचा नाही, गरज फक्त देवाला सांगायची, असा नेम पाळला. हडसन टेलर यांनी 1865 साली चीनच्या आतल्या प्रांतांसाठी मिशन काढलं तेव्हा तोच नेम घेतला: कर्ज नाही, मागणी नाही, जे येईल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आमच्या ओळखीतली काही कुटुंबं आजही तसंच जगतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एक गोष्ट विसरता कामा नये. म्युलर यांनी मागितलं नाही, तरी दरवर्षी अहवाल छापला आणि आलेल्या देणग्यांचा हिशेब लोकांपुढे ठेवला. पारदर्शकपणातून त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दोन्ही रीती दिसतात. 1886 साली त्या अमेरिकेला गेल्या, शहरोशहरी बोलल्या, आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं त्यांच्या कामाला दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्यावर 1889 साली मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. पण त्या मदतीबरोबर अपेक्षा आल्या, देखरेख आली, इथल्या सल्लागारांशी मतभेद झाले. मुली स्वखुशीनं त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसतात यावरून वादळ उठलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या काळात त्यांचा भर प्रार्थनेवर आणि जगभरातून आपणहून येणाऱ्या दानावर राहिला. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथे राहत होत्या, विणत होत्या, शेती करत होत्या, छापखाना चालवत होत्या. मला यातून दिसतं ते असं की देणाऱ्याशी जे ठरलेलं असतं ते स्वच्छ शब्दांत ठरलेलं बरं. ख्रिस्ताविषयी आम्ही बोलणार की नाही, हे आम्ही मदत घेण्याआधी सांगतो. बोलणार, आणि कुणावर जबरदस्ती करणार नाही. ज्यांना यातलं एकही मान्य नसेल त्यांच्याकडून आम्ही घेत नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरीच सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ मांडायला निघाले. परदेशी पैशावर उभी असलेली मंडळी आपल्या पायांवर यावी ही त्यांची तळमळ होती. दोन वर्षांत ते गेले. त्यांचा प्रश्न मात्र अजून आमच्या दारात उभा आहे.

लहान दान हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. मिझोरामच्या डोंगरांत 1910 पासून बायका एक रीत पाळतात: स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातला मूठभर वेगळा काढायचा. साठलेला तांदूळ मंडळीत जातो, विकला जातो आणि त्यातून सेवकांचा खर्च निघतो. ज्यांच्या हातात रोख पैसा नव्हता त्यांनी हे सुरू केलं, आणि त्यावर मिझो मंडळ्यांनी कितीतरी सेवक लांबलांबच्या प्रांतांत पाठवले. बोस्टनमध्ये 1800 साली मेरी वेब या लहानपणापासून पायांनी अधू असलेल्या बाईंनी काही स्त्रियांना जमवून मिशनसाठी थोडं थोडं साठवायला सुरुवात केली आणि तशा मंडळांची रांग लागली. मासेदोनियातल्या मंडळ्यांबद्दल पौल लिहितो की त्यांनी कमालीच्या दारिद्र्यातून दिलं, आणि आम्हालाही देण्याचा मान मिळावा म्हणून उलट त्याचीच विनवणी केली. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणारी विधवा आपण सगळे जाणतो.

आम्हाला मदत करणाऱ्यांमध्ये घरकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची रक्कम यादीत सगळ्यांत लहान. ती दर महिन्याला येते आणि तिच्यासोबत एक प्रश्न असतो: ओढ्याला पाणी आलं का, धाकटीचा खोकला गेला का, त्या आजी कशा आहेत. त्यांना आम्ही सविस्तर उत्तर लिहितो. मोठी रक्कम देणाऱ्याला जेवढं लिहू तेवढंच, कधी जास्तही. फिलिप्पैची मंडळी पौलाला देणगी पाठवते तेव्हा ती घेऊन एपफ्रदीत नावाचा माणूस येतो, वाटेत किंवा तिथे पोचल्यावर मरणाच्या दारापर्यंत आजारी पडतो, आणि पौल देणगीचे आभार मानण्याआधी त्या माणसाच्या जिवाबद्दल लिहितो. पत्र असं असावं.

आणि मदत थांबते तेव्हा? ती थांबतेच. नोकरी जाते, घरात आजारपण येतं, मंडळीत नवे पाळक येतात आणि त्यांचे बेत वेगळे असतात. एका भावानं नोकरी गेल्यावर पैसे पाठवणं थांबवलं आणि संकोचानं पत्रही थांबवलं. ह्यांनी त्यांना लिहिलं की यादीतून तुमची रक्कम निघाली, तुमचं नाव निघालेलं नाही. आता आमची पाळी, तुमच्यासाठी आम्ही आणि गाव प्रार्थना करतोय. गावात खरंच प्रार्थना झाली. त्या भावाला नोकरी लागेपर्यंत आजी दर रविवारी विचारत होत्या.

हिशेबाबद्दल थोडक्यात. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेले विश्वासू भाऊ सोबत घेतले, कुणी बोट ठेवू नये म्हणून. प्रभूच्या दृष्टीनं आणि माणसांच्याही दृष्टीनं चांगलं ते करावं, असं कारणही दिलं. ज्याच्या सचोटीवर शंका घ्यावी असं कुणी असेल तर तो पौल नव्हता, तरी त्यानं हे केलं. म्हणून आमच्या खात्यावर आमच्या कुटुंबाबाहेरच्या माणसांचं लक्ष असतं आणि वर्षाचा हिशेब मागेल त्याला मिळतो. कुणी सेवक म्हणत असेल की माझा हिशेब देवाजवळ आहे, तर त्याला मदत करू नका.

मुलांविषयीही एक सांगते. आमच्या मुलीनं एकदा स्पष्ट सांगितलं, मी पुढे जाऊन गाणं म्हणणार नाही, माझा फोटोही पत्रकावर नको. आम्ही ते मानलं. काही मंडळ्यांना ते खटकलं. कुटुंबाचा फोटो असला की लोकांना जवळीक वाटते, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण गावातल्या मुलाचा फोटो त्याच्या आईला विचारून छापायचा आणि स्वतःच्या मुलीला विचारायचं नाही, हे कसं चालेल? आमच्या पत्रकावर आता डोंगराचं चित्र असतं, मुलानं हौसेनं काढलेलं.

गेल्या काही महिन्यांत एक नवं घडलं. गावातल्या लहानशा मंडळीनं ठरवलं की पलीकडच्या खोऱ्यात आपली दोन तरुण पोरं सेवेसाठी पाठवायची. तिथली बोली थोडी वेगळी, वाट आणखी बिकट, आणि तिथे शिकवणारं, औषध देणारं, देवाचं वचन सांगणारं कुणी नाही. 1903 साली तमिळ मुलखातल्या तिरुनेलवेलीच्या मंडळ्यांनी आपल्याच पैशानं आपलं मिशन काढलं. 1905 साली श्रीरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली तेव्हा तिचं सूत्रच होतं की माणसं भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीय. या दोन्हींमध्ये व्ही. एस. अझरय्या या तमिळ ख्रिस्ती पुढाऱ्याचा पुढाकार होता. गावात हे कुणी वाचलेलं नाही. त्यांनी आपलं आपण ठरवलं. घराघरातून धान्य निघालं, कुणी मजुरीचा एक दिवस दिला, झोळी करून ह्यांना रस्त्यापर्यंत नेणाऱ्यांपैकी एकजण तर स्वतःच निघाला आहे.

तेवढ्यानं भागणार नाही, म्हणून आमच्या ओळखीच्या मंडळ्यांना पत्र लिहायचं आहे, आणि ते लिहायला मला बसवलंय. मजकूर मात्र त्यांचा. निघालेल्या दोघांपैकी धाकट्याचं म्हणणं, वाट किती वाईट आहे ते आधी लिहा म्हणजे लोक देतील. थोरला म्हणतो, पलीकडचे लोक उद्या हे पत्र ऐकतील तेव्हा त्यांना काय वाटेल? आजींचा आग्रह की त्या खोऱ्यातल्या माणसांनी मागच्या पुरात आपल्या गुरांना चारा दिला होता, ते पहिल्या ओळीत हवं. पत्र अजून पुरं झालेलं नाही. खर्चाचा कागद मात्र तयार आहे आणि त्यात थोरल्याच्या बायकोच्या बाळंतपणाची रक्कम तिनं स्वतः सांगून घातली आहे. ज्यांना तो कागद हवा असेल त्यांनी मागावा, प्रश्न विचारावेत. उत्तर ते दोघे देतील.